लाइट गेल्यावर बोर्डाने काय करायचं, ते आधी ठरवा

आर्डुइनो, नोडएमसीयू किंवा ईएसपी३२ घेऊन घरच्या घरी काही बनवणाऱ्या सगळ्यांना ही विनंती आहे. टाकीची पातळी दाखवणारा बोर्ड असो, पॉलिहाउसमधलं तापमान नोंदवणारा असो, विहिरीवरची मोटार चालू-बंद करणारा असो किंवा शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातला असो, तो टेबलावर नीट चालला म्हणजे अर्धंच काम झालं. आपल्याकडे लाइट जाते. वळवाच्या पहिल्या वाऱ्यात जाते, दुरुस्तीसाठी जाते आणि शेतीच्या फीडरवर तर ती पाळीनेच येते. त्यामुळे बोर्डाला बॅटरीचा आधार हवाच. अडचण अशी की बहुतेक जण तो सगळ्यात शेवटी, हाताशी असेल तो सेल जोडून देतात. मग कुठे बोर्ड दर पाच मिनिटांनी रिसेट होतो, कुठे सेल फुगतो, आणि कुठे वीज परत येताच कुणाचा तरी हात मोटारीजवळ असताना रिले लागतो.

म्हणून बॅटरी विकत घेण्याआधी एक ओळ कागदावर लिहा: लाइट गेल्यावर माझ्या बोर्डाने नेमकं काय करायला हवं? या प्रश्नाची साधारण तीन उत्तरं निघतात आणि प्रत्येकाला लागणारं सामान वेगळं आहे.

फक्त वेळ चुकू नये, एवढीच गरज असेल तर

शाळेची घंटा वाजवणारं यंत्र किंवा ठरलेल्या वेळी ठिबकचा व्हॉल्व्ह उघडणारा टायमर लाइट नसताना बंद राहिला तरी चालतं. लाइट आल्यावर त्याचं घड्याळ बरोबर असलं की झालं. याला मोठी बॅटरी लागत नाही. डीएस३२३१ चिपचं घड्याळ-मॉड्यूल आणि ३ व्होल्टचा बटन सेल पुरतो. ही चिप ० ते ४० अंश सेल्सिअस तापमानात वर्षाला फार तर मिनिटभर चुकते.

मात्र सर्रास मिळणाऱ्या झेडएस-०४२ या मॉड्यूलवर सेल चार्ज करण्यासाठी एक डायोड आणि २०० ओहमचा एक रेझिस्टर असतो. ती सोय एलआयआर२०३२ या रिचार्ज होणाऱ्या सेलसाठी आहे. आपण त्यात सहज मिळणारा सीआर२०३२ घालतो, आणि तो सेल चार्ज करायचा नसतो. मॉड्यूल ५ व्होल्टवर चालवलं की त्या सेलमध्ये करंट शिरत राहतो आणि सेल फुगण्याचा, गळण्याचा धोका तयार होतो. सीआर२०३२ वापरणार असाल तर तो डायोड किंवा तो रेझिस्टर काढून टाका. काम दोन मिनिटांचं आहे, पण ते करायलाच हवं.

फक्त आकडा जपायचा असेल तर

किती लिटर पाणी गेलं, किती नग तयार झाले, असं मोजणाऱ्या बोर्डाला तासन्‌तास चालायची गरज नसते. लाइट जाताना शेवटचा आकडा लिहून ठेवला की पुरे. आर्डुइनो युनोच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये १०२४ बाइटची ईईप्रॉम असते. तिच्या प्रत्येक जागी १ लाख वेळा लिहिता येईल, अशी हमी उत्पादक देतो. दर मिनिटाला एकाच जागी लिहीत राहिलात तर ही मर्यादा सुमारे ७० दिवसांत संपते. म्हणून सारखं लिहू नका. लाइट गेल्याचं कळलं की एकदाच लिहा.

त्यासाठी किती वेळ लागतो, ते बघा. ईईप्रॉममध्ये एक बाइट लिहायला साधारण ३.४ मिलिसेकंद लागतात, म्हणजे चार बाइटच्या आकड्याला १४ मिलिसेकंदांच्या आसपास. युनो सुमारे ५० मिलिअँपिअर करंट घेतो. त्याच्या ५ व्होल्टच्या वाटेवर ४७०० मायक्रोफॅरडचा साधा कपॅसिटर लावला, तर व्होल्टेज अर्ध्या व्होल्टने घसरेपर्यंत साधारण ४७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात लिहून होतं. कपॅसिटरमधली वीज अ‍ॅडॅप्टरकडे उलटी जाऊ नये म्हणून मध्ये १एन५८१९ हा शॉटकी डायोड घाला आणि लाइट गेली हे ओळखणारी तार डायोडच्या आधी, अ‍ॅडॅप्टरच्या बाजूने घ्या. रिले आणि दिव्यांना वीज वेगळ्या वाटेने द्या, नाहीतर कपॅसिटरमधली वीज तेच पिऊन टाकतील. जिथे एवढ्याने भागतं, तिथे लिथियमचा सेल आणायचं काही कारण नाही.

बोर्ड तासन्‌तास चालायलाच हवा असेल तर

आता खऱ्या बॅटरीकडे येऊ. इथे पहिलं काम मोजणीचं. बोर्ड, सेन्सर आणि डिस्प्ले मिळून सरासरी किती करंट घेतात ते यूएसबी मीटरने किंवा मल्टिमीटरने पाहा. वाय-फाय सतत चालू असलेला ईएसपीचा बोर्ड सरासरी १०० मिलिअँपिअर घेतो असं धरू. पण सरासरीवर थांबू नका. वाय-फायवर संदेश पाठवताना हीच मागणी क्षणभर कितीतरी वर जाते, आणि म्हणूनच ईएसपी३२ ला किमान ५०० मिलिअँपिअर देऊ शकणारा पुरवठा ठेवा, असं तिची उत्पादक कंपनी सांगते. ५ व्होल्टच्या साध्या रिलेची एक कॉइल ७० मिलिअँपिअर घेते. एसएमएस पाठवणारं सिम८००एल मॉड्यूल क्षणिक २ अँपिअरपर्यंत ओढतं. पुरवठा या क्षणांना पुरला नाही की बोर्ड रिसेट होतो आणि आपण प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो.

मग क्षमतेचा हिशेब. ५ व्होल्टवर १०० मिलिअँपिअर म्हणजे अर्धा वॉट. २५०० मिलिअँपिअर-तासांचा एक चांगला १८६५० सेल ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ९.२५ वॉट-तास साठवतो. ३.७ चे ५ व्होल्ट करताना पंधरा टक्के वाया जातात असं धरा आणि सेलची वीज ऐंशी टक्केच वापरा. हाती सव्वासहा वॉट-तास राहतात, म्हणजे सुमारे बारा तास. एका सेलमध्ये एक रात्र निघते. घरच्या कामाला बहुतेक वेळा एवढं पुरतं.

त्याहून जास्त वेळ हवा असेल तर दुसरा सेल जोडण्याआधी बोर्डाला झोपवायला शिका. दर दहा मिनिटांनी दहा सेकंद जागा होऊन तापमान पाठवणारा आणि बाकी वेळ गाढ झोपेत असणारा बोर्ड घ्या. ईएसपीची चिप झोपेत काही मायक्रोअँपिअरवर भागवते. पण तयार बोर्डावरचा लाल दिवा, यूएसबीची चिप आणि एएमएस१११७ रेग्युलेटर मिळून झोपेतही पाच मिलिअँपिअरच्या घरात खाऊ शकतात. तसं असेल तर सरासरी ६.६ मिलिअँपिअर निघते आणि त्यातला तीन चतुर्थांश खर्च निव्वळ झोपेतला असतो. कमी खाणारा बोर्ड निवडला तर तीच सरासरी १.७ वर येते. जो दिवा कुणी पाहत नाही तो काढून टाकणं ही सगळ्यात स्वस्त बॅटरी आहे.

सेल निवडताना

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी टाळा. ती हाताशी असते, तिची टोपीही मिळते, पण तिची क्षमता साधारण ५०० मिलिअँपिअर-तासच असते. शिवाय युनोवरचा रेग्युलेटर ९ चे ५ व्होल्ट करताना ४४ टक्के वीज उष्णतेत घालवतो.

१८६५० सेल घेताना वरच्या छापील आकड्यावर जाऊ नका. नावाजलेल्या कंपन्यांच्या या आकाराच्या सेलची क्षमता साधारण २००० ते ३६०० मिलिअँपिअर-तास असते. ९९०० छापलेला सेल खोटा आहे, मग तो कितीही स्वस्त असो. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. हातात फारच हलका लागला तर घेऊ नका. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम सेलना आयएस १६०४६ या मानकाखाली नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे बीआयएसची खूण आणि नोंदणी क्रमांक बघूनच घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या, पुण्याच्या तपकीर गल्लीत घ्या किंवा ऑनलाइन मागवा, ही खूण मागायचा तुम्हाला हक्क आहे. भंगारातल्या लॅपटॉप बॅटरीचे सेल मुलांच्या हाती देऊ नका. त्यांचं आधी काय झालंय, ते बाहेरून दिसत नाही.

जिथे वजनाची अडचण नाही, तिथे यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बंदिस्त लेड-अ‍ॅसिड बॅटरी आजही उत्तम आहे. निम्मीच वापरली तरी वरचा अर्ध्या वॉटचा बोर्ड ती दोन दिवसांहून जास्त चालवते. तिला १३.५ ते १३.८ व्होल्टचा फ्लोट चार्जर लावा आणि ५ व्होल्टसाठी एलएम२५९६ चं मॉड्यूल वापरा. सतत भरलेल्या अवस्थेत उभं राहणं तिला लिथियमपेक्षा चांगलं मानवतं. लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी सेलही उष्णतेला जास्त दाद देत नाही, पण त्याला ३.६५ व्होल्टला थांबणारा स्वतंत्र चार्जर लागतो. ४.२ व्होल्टचा चार्जर त्याला कधीही लावू नका.

चार्जर आणि अदलाबदल

बहुतेक चुका इथे होतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा. लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टच्या वर जाऊ देता येत नाही आणि फार खालीही नेता येत नाही. म्हणून त्याला अ‍ॅडॅप्टरची तार थेट जोडू नका. मध्ये रेझिस्टर घालूनही जोडू नका. टीपी४०५६ चं छोटं मॉड्यूल स्वस्त आहे. ते घेताना नुसतं चार्जिंगचं घेऊ नका, डीडब्ल्यू०१ ही संरक्षण देणारी चिप असलेलं घ्या. त्यावर सेलसाठी ‘बी’ आणि बाहेर जाणाऱ्या विजेसाठी ‘आउट’ अशा वेगळ्या जोड्या असतात. हे मॉड्यूल कारखान्यातून १ अँपिअरवर लावलेलं येतं. ५०० मिलिअँपिअर-तासांच्या छोट्या पाउच सेलला तो करंट फार होतो. मॉड्यूलवरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर बदला, २.४ ला करंट निम्मा होतो आणि १० ला १३० मिलिअँपिअरच्या आसपास येतो.

आता मुख्य मुद्दा. हा चार्जर सेलमध्ये जाणारा करंट ठरवलेल्या करंटच्या दहाव्या हिश्शावर आला की चार्जिंग थांबवतो. १ अँपिअरचा दहावा हिस्सा म्हणजे १०० मिलिअँपिअर. तुमचा बोर्ड मॉड्यूलच्या ‘आउट’ जोडीवरून सतत १०० मिलिअँपिअर घेत असेल तर चार्जरला सेल भरल्याचं कधीच कळत नाही. सेल महिनोन्‌महिने ४.२ व्होल्टला ताणलेला राहतो आणि लवकर म्हातारा होतो. म्हणून लाइट असताना बोर्ड अ‍ॅडॅप्टरवरच चालला पाहिजे, सेलने फक्त चार्ज व्हावं, आणि लाइट जाताच बोर्ड सेलवर जावा. त्यासाठी एक पी-चॅनेल मॉस्फेट, एक शॉटकी डायोड आणि १०० किलोओहमचा एक रेझिस्टर पुरतो. अ‍ॅडॅप्टरची वीज असेपर्यंत मॉस्फेटचं गेट वर राहतं आणि सेलची वाट बंद असते. वीज गेली की रेझिस्टर गेटला खाली ओढतो आणि वाट उघडते. तयार मॉड्यूल घेणार असाल तर ‘पॉवर पाथ’ किंवा ‘लोड शेअरिंग’ असलेलंच मागा. अदलाबदलीच्या क्षणी बोर्ड अडखळू नये म्हणून त्याच्या जवळ ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवा.

सेलचे ५ व्होल्ट करायला एमटी३६०८ चं मॉड्यूल चालतं, पण ते २८ व्होल्टपर्यंत देऊ शकतं. बोर्ड जोडण्याआधी मल्टिमीटर लावून स्क्रू फिरवा आणि ५ व्होल्ट ठरवून घ्या. युनोच्या ५ व्होल्ट पिनवर रेग्युलेटरचं संरक्षण नसतं. तिथे ५.५ च्या वर गेलात तर चिप गमावू शकता. सेल थेट ईएसपीच्या बोर्डाला जोडायचा विचार असेल तर हे लक्षात घ्या: एएमएस१११७ ला ३.३ व्होल्ट देण्यासाठी आत साडेचारच्या आसपास व्होल्टेज लागतं, आणि पूर्ण भरलेला सेलही ४.२ च देतो. तसंच बॅटरीची वाट चालू असताना त्याच बोर्डाला कॉम्प्युटरची यूएसबी जोडू नका. मध्ये डायोड नसेल तर एकाची वीज दुसऱ्यात शिरते.

पॉवर बँक लावून भागेल का, असं पुष्कळ जण विचारतात. कधीकधी भागतं. पण बऱ्याच पॉवर बँका भार फार कमी असला की काही सेकंदांत स्वतः बंद होतात, आणि झोपणारा बोर्ड तर कमीच घेतो. काही पॉवर बँका स्वतः चार्ज होत असताना बाहेर वीज देत नाहीत. तुमच्याकडची कशी वागते, ते आधी तपासून घ्या.

बोर्डालाही कळू द्या

लाइट गेली हे बोर्डाला कळलं पाहिजे. ईएसपीसाठी अ‍ॅडॅप्टरच्या ५ व्होल्टवरून १० आणि १५ किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून मधून ३ व्होल्ट काढा आणि एका पिनवर द्या. सेलचं व्होल्टेजही असंच निम्मं करून मोजा. सेल ३.३ व्होल्टच्या खाली आला की नोंद जपून बोर्ड झोपू द्या. डीडब्ल्यू०१ सेल तोडते ती २.५ व्होल्टच्या आसपास. ती शेवटची भिंत आहे, रोज तिथवर जायचं नाही.

वाय-फायवर चालणाऱ्या बोर्डाचा एक प्रश्न हमखास विसरला जातो. लाइट गेली की राउटरही बंद पडतो. बोर्ड जागा राहून उपयोग काय? एकतर राउटरला छोटा यूपीएस द्या किंवा नोंदी बोर्डावर साठवून नंतर पाठवा.

मोटार, हीटर, पंप चालवणाऱ्यांना कळकळीची विनंती: लाइट जाताच रिले उघडा आणि लाइट परत आल्यावर तो आपोआप लावू नका. बॅकअपमुळे बोर्ड जागाच असतो, म्हणून रिले लागलेला राहू शकतो. वीज येताच पंप सुरू होतो, तेव्हा फुटव्हॉल्व्हजवळ किंवा स्टार्टरच्या पेटीत कुणाचा हात असू शकतो. सगळ्यांचे पंप एकदम सुरू झाले की ट्रान्सफॉर्मरवर भार येतो, म्हणूनच महावितरण शेतकऱ्यांना ऑटो स्विच काढून कपॅसिटर बसवायला सांगत आलं आहे. आपल्या बोर्डाने तोच ऑटो स्विच मागच्या दाराने आणू नये. आणि २३० व्होल्टच्या तारा सेलच्या डब्यात कधीच ठेवू नका.

ऊन, आग आणि भंगार

लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, असं बहुतेक उत्पादक सांगतात. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे सावलीतच पारा तिथे पोहोचतो. गच्चीवर, पत्र्याखाली, बंद प्लॅस्टिकच्या डब्यात किती होत असेल याचा विचार करा. सेन्सर उन्हात ठेवा, सेल सावलीत ठेवा. सेलवर थेट सोल्डर करू नका, होल्डर वापरा. प्लस-मायनस दोनदा बघा. फुगलेला सेल चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. धूर दिसला तर आधी मेन स्विच बंद करा, माणसं लांब न्या आणि १०१ ला फोन करा.

संपलेले सेल घंटागाडीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा केंद्रात द्या.

अटल टिंकरिंग लॅब चालवणाऱ्या आणि प्रदर्शनांची तयारी करून घेणाऱ्या शिक्षकांना एक मागणं आहे. मुलांच्या तक्त्यावर प्रकल्पाच्या नावाखाली चार आकडे मागा: सरासरी करंट, सर्वाधिक करंट, सेलची क्षमता आणि प्रत्यक्ष मोजलेला बॅकअपचा वेळ. चौथा आकडा हिशेबाने काढलेला नको, प्लग काढून घड्याळ लावून मोजलेला हवा. जो मुलगा किंवा मुलगी हे मोजेल, त्यांना वीज म्हणजे काय ते पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येहून जास्त कळलेलं असेल.

आणि तुमच्या घरात, शेतात किंवा शाळेत असा बोर्ड आधीच चालू असेल तर येत्या रविवारी त्याचा प्लग काढून पाहा. तो किती वेळ चालतो ते वहीत लिहा, सेल हाताला गरम लागतो का ते बघा, रिले उघडतो का ते तपासा. जे कमी असेल ते पावसाळ्याआधी दुरुस्त करा आणि हीच तपासणी दर महिन्याला करत राहा.